वाचनालयाचा जिना

वाचनसंस्कृतीबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना एकदम तरुण पिढी आठवते. हल्लीची मुलं वाचत नाहीत, मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, इंग्रजी माध्यमाने मराठीची वाट लावली, वगैरे वगैरे. परिसंवाद होतात, ठराव होतात, चहा-बटाटेवडा होतो आणि मंडळी घरी जातात. माझं वय अठ्ठावीस, त्यामुळे या परिसंवादांमधला आरोपी मीच. पण तो खटला आज बाजूला ठेवू.

आज मला दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दल लिहायचंय. ज्यांना वाचायला मनापासून आवडतं, ज्यांच्याकडे वेळ आहे, पन्नास वर्षांची सवय आहे, वर्गणी भरायची ऐपतही आहे, आणि तरी हातात पुस्तक नाही. कारण गुडघा. किंवा मोतीबिंदू. किंवा संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये रस्ता ओलांडायची भीती. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे जिना! आपली किती वाचनालयं पहिल्या मजल्यावर आहेत ते एकदा आठवून बघा. खाली दुकानांचे गाळे, त्यांचं भाडं संस्थेला मिळतं, आणि पुस्तकं वर. संस्थेच्या दृष्टीने बरोबरच आहे ते. पण ऐंशीच्या माणसाला त्या पायऱ्या म्हणजे सिंहगड.

माझं म्हणणं सरळ आहे. जो सभासद वाचनालयापर्यंत येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत पुस्तक पोचवणं हे वाचनालयाचं रोजचं काम आहे. त्याला 'उपक्रम' म्हणू नका, 'ज्येष्ठांसाठी एक हात मदतीचा' असले बॅनर लावू नका, वर्धापनदिनाला शाल-श्रीफळ देऊन फोटो काढू नका. देवघेव विभाग जे काम काउंटरवर करतो तेच काम दोन गल्ल्या पलीकडे जाऊन करायचं, एवढंच.

आता गंमत बघा. आमच्या धंद्यात एखादा युजर महिनाभर लॉगिन झाला नाही की मॅनेजरला घाम फुटतो. त्याला ईमेल जातात, कूपन जातं, 'तुमची आठवण येते' असे लाडीगोडीचे निरोप जातात. तो का गेला याचा शोध घ्यायला वेगळी टीम असते. आणि वाचनालयात चाळीस वर्षांचा सभासद यायचा बंद झाला तर? काही महिने वर्गणी थकते, मग नावापुढे लाल शाईची रेघ, की संपलं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं असंच झालं. वय एक्क्याऐंशी. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. चार महिन्यांनी वाचनालयातून फोन आला तो असा, की वर्गणी थकली आहे, दोन पुस्तकं तुमच्याकडे आहेत, ती जमा करा आणि अनामत घेऊन जा. फोन करणाऱ्याचा त्यात काही दोष नाही, नियम तसा आहे. पण 'का येत नाही?' हा प्रश्न विचारायला त्या नियमात जागाच नाही. काकूंनी पुस्तकं मुलाबरोबर परत पाठवली. अनामत पंचवीस रुपये होती, कधीतरी ऐंशीच्या दशकात भरलेली. "पंचवीस रुपयांचं काय घेऊन बसलास," त्या मला म्हणाल्या, "पण नाव काढलं म्हटल्यावर कसंतरीच झालं रे. रेशनकार्डावरून नाव काढतात ना, माणूस गेल्यावर, तसं."

हे ऐकल्यावर मी वाचनालयात जाऊन चौकशी केली, आणि त्यातून गेलं दीड वर्ष आम्ही चौघं मित्र महिन्यातून दोन शनिवार पुस्तकं पोचवायचं काम करतोय. सध्या दहा घरं आहेत. फार मोठा अनुभव नाही हे उघड आहे, पण त्यावरून काही गोष्टी पक्क्या कळल्यात, त्या पुढे लिहितो. त्याआधी थोडा इतिहास, कारण ही कल्पना माझी नाही आणि नवी तर अजिबात नाही.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. आणि ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. झाले पाच! इतकं आटोपशीर डिझाईन डॉक्युमेंट मी तरी आमच्या कंपनीत बघितलेलं नाही. यातला दुसरा नियम नीट वाचा. 'प्रत्येक वाचकाला'. त्यात 'जिना चढू शकणाऱ्या प्रत्येक वाचकाला' असं कुठे म्हटलेलं नाही.

आणि हे फक्त कागदावर नव्हतं. त्याच १९३१ साली तंजावर भागातल्या मन्नारगुडीत बैलगाडीवरचं फिरतं वाचनालय सुरू झालं, आणि त्यात रंगनाथन यांचा सहभाग होता. बैलगाडी! गावातला माणूस शहरातल्या ग्रंथालयात येऊ शकत नाही ना, मग ग्रंथालय गाडीत घाला आणि गावात न्या. योगायोग म्हणजे अमेरिकेत अंध प्रौढांना सरकारी खर्चाने पुस्तकं पुरवायचा कायदाही १९३१ सालचाच. पुढे तिथे बोलकी पुस्तकं, म्हणजे रेकॉर्डवर वाचून घेतलेली पुस्तकं, पोस्टाने घरपोच फुकट जायला लागली. कालांतराने ज्यांना शारीरिक कारणामुळे पुस्तक हातात धरता येत नाही अशांनाही ही सोय मिळाली. थरथरत्या हाताचा माणूस हाही वाचकच असतो हे तिथे कायद्यात लिहिलं गेलं.

त्याच्याही आधी आपल्याकडे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड होते. मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १९१० साली विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. त्यात फिरती ग्रंथालयं होती, म्हणजे पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जायच्या, वाचून झाल्या की परत यायच्या आणि दुसऱ्या गावाला जायच्या. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००९ साली, नाशिकच्याच विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. त्यातही पेटीच! एका पेटीत पंचवीस पुस्तकं, ती एखाद्या सोसायटीतल्या किंवा ओळखीतल्या गटाकडे, आणि ठराविक काळाने पेट्यांची अदलाबदल. ही योजना महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत पोचली. म्हणजे पुस्तकाने वाचकाकडे जायचं हा विचार आपल्या मातीत शंभर वर्षं आहे. त्याचा उपयोग नेमका ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यासाठी नियमितपणे कसा करायचा, एवढाच प्रश्न उरतो.

गरज किती मोठी आहे? २०११ च्या जनगणनेत भारतात साठीच्या पुढचे १०.३८ कोटी लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. आणि हे आकडे २०११ चे आहेत! त्या वेळी साठीचे असलेले आता पंचाहत्तरीला आलेत. दुसरीकडे वाचनालयांची परंपरा बघा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही केला. इतकी जुनी आणि इतकी पसरलेली यंत्रणा फार थोड्या राज्यांकडे आहे. ती म्हातारपणाच्या दारात येऊन का थांबते?

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, हे सगळं कशाला? आईबाबांना टॅब घेऊन दे, ई-बुकं टाक, ऑडिओबुकाचं अॅप टाक, विषय संपला. आपण सगळे इंजिनिअर, आपल्याला प्रत्येक प्रश्नाला अॅप सुचतं. माझाही त्याला विरोध नाही. ई-रीडरवर अक्षर मोठं करता येतं ही म्हाताऱ्या डोळ्यांसाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांना दिसतच नाही त्यांच्यासाठी ऑडिओबुक म्हणजे वरदान. आमच्या दहा घरांपैकी दोन घरी आम्ही हेच करतो. एका आजोबांना फोनवर पुस्तक लावून द्यायचं, स्पीकर जोडून द्यायचा, आणि झोपेचा टायमर कसा लावायचा ते दर पंधरा दिवसांनी नव्याने शिकवायचं. हे 'नव्याने शिकवायचं' महत्त्वाचं. अॅपचा अपडेट आला आणि बटण डावीकडून उजवीकडे गेलं की त्यांचं वाचन बंद. मुलगा बंगलोरला, सून ऑफिसात, बटण दाखवणार कोण? म्हणजे तंत्रज्ञान वापरलं तरी दार वाजवणारा माणूस लागतोच. तो असेल तर अॅप चालतं, तो नसेल तर टॅबचं चार्जर सापडत नाही.

शिवाय बाकीच्या आठ घरांत मंडळींना कागदाचंच पुस्तक हवं आहे. ती त्यांची आवड. रविवारी सकाळी चहाबरोबर पेपर हातात लागतो असं म्हणणाऱ्याला आपण हसत नाही, मग यांना का समजवायला जायचं?

छापील पुस्तकांची मात्र एक मोठी अडचण आहे, अक्षराची. इंग्लंडमध्ये १९६४ साली अल्व्हरस्क्रॉफ्ट नावाच्या प्रकाशनसंस्थेने खास कमी दिसणाऱ्यांसाठी मोठ्या टायपातल्या कादंबऱ्या काढायला सुरुवात केली, आणि तिथल्या वाचनालयांत अशा पुस्तकांची वेगळी कपाटं असतात. मराठीत मोठा टाईप कुठे मिळतो? पोथ्यांमध्ये! गुरुचरित्र घ्या, ज्ञानेश्वरी घ्या, हरिविजय घ्या, 'मोठा टाईप' असं मुखपृष्ठावरच लिहिलेलं असतं. प्रकाशकांना म्हाताऱ्यांचे डोळे माहीत आहेत, फक्त म्हातारी माणसं पोथ्याच वाचणार असं त्यांनी गृहीत धरलंय. रहस्यकथा, प्रवासवर्णन, विनोद मोठ्या टायपात दुकानात मागून बघा, दुकानदार तुमच्याकडेच बघत राहील.

आणि हाच समज आपल्याही डोक्यात असतो. आम्ही पहिल्या फेरीला निघालो तेव्हा पिशवीत निम्मी पुस्तकं अध्यात्म आणि आरोग्यावरची होती, वाचनालयातल्या एका काकांनी मोठ्या आपुलकीने निवडून दिलेली. एका आजोबांनी पिशवीत डोकावलं आणि विचारलं, "बाबूराव अर्नाळकर नाहीत?" आयुष्यभर बँकेत हिशोब केलेला माणूस, आता फक्त खून आणि दरोडे वाचतो. अर्नाळकरांची पुस्तकं हजाराच्या वर आहेत, त्यामुळे त्यांची काळजी मिटली (वाचनालयात जेवढी शिल्लक आहेत तेवढी संपेपर्यंत तरी). दुसऱ्या एका आजींना नारायण धारप लागतात. रात्री एकट्या असतात, तरी. भीती नाही का वाटत विचारलं तर म्हणाल्या, "भुताची कसली भीती, भूत निदान बोलायला तरी येतं." आणि ज्या काकूंपासून हे सुरू झालं त्यांना ललित अजिबात चालत नाही, चरित्रं हवीत, आणि ती सुद्धा 'भांडणं असलेली'.

रंगनाथनांचा दुसरा नियम म्हणजे हे. ज्याला जे हवं ते द्यायचं, त्याच्यासाठी काय चांगलं ते आपण ठरवायचं नाही. एका घरी मुलाने फोन करून सांगितलं होतं, बाबांना युद्धावरची पुस्तकं देऊ नका, बीपी वाढतं. बाबा म्हणाले, दे रे, बीपी माझं आहे. आम्ही दिलं. त्या दिवसापासून आमचा नियम आहे, कोण काय वाचतं हे घरच्यांनाही सांगायचं नाही. बँकेचं स्टेटमेंट जसं खातेदाराचं, तशी वाचलेल्या पुस्तकांची यादी वाचकाची. म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यात औषधं दुसरे ठरवतात, जेवण दुसरे ठरवतात, टीव्हीचं चॅनेलही नातवंडं ठरवतात. निदान उशाशी कोणतं पुस्तक असावं हे तरी त्यांचं त्यांना ठरवू दे.

काही बारीकसारीक गोष्टी दारात गेल्याशिवाय कळत नाहीत, त्या इथे नोंदवून ठेवतो, कोणाला उपयोगी पडतील.

एक म्हणजे बांधणी. आपली वाचनालयं पुस्तक टिकावं म्हणून जाड पुठ्ठ्याची बांधणी करतात. पुस्तक टिकतं, पण जड होतं, नीट उघडत नाही आणि आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत जातात. संधिवात असलेल्या बोटांना ते पेलत नाही. घरपोच पिशवीत पातळ आणि हलकी पुस्तकं ठेवावी लागतात. साडेपाचशे पानांची कादंबरी हवीच असेल तर लाकडी पुस्तक-स्टँड लागतो, पोथीसाठी वापरतात तसा.

दुसरं, आठवण. सत्तर-ऐंशी वर्षांत हजारो पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे वाचलंय की नाही हे नावावरून आठवत नाही. एक आजी सत्तावीस नंबरच्या पानावर पेन्सिलीने बारीक ठिपका देतात. पुस्तक हातात आलं की आधी पान सत्तावीस. नियमाप्रमाणे हा गुन्हा आहे, पण त्यांचा डेटाबेस आमच्या सॉफ्टवेअरपेक्षा वेगवान आहे. बाकीच्यांसाठी आम्ही एक वही ठेवली. तारीख, पुस्तक, आवडलं की नाही, पुढच्या वेळी काय. चार कॉलम. मी एक्सेल शीट करायला निघालो होतो, ग्रंथपाल बाईंनी शंभर पानी वही पुढे केली आणि ती जास्त चांगली चालली, कारण ती वाचकालाही चाळता येते.

तिसरं, दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि वाचनालयांची दिवाळी अंक योजना आजही महिनोन्‌महिने चालते. घरी बसलेल्या माणसासाठी दिवाळी अंक सगळ्यात उत्तम. वजनाला बेताचा, मजकूर सुटा सुटा, डोळे दमले की ठेवून देता येतो. ही योजना घरपोच केली तरी पुष्कळ काम होईल.

चौथं, सुरक्षितता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी दोन अनोळखी पोरं जाणार, यात काळजी करण्यासारखं आहेच आणि घरच्यांनी ती केलीच पाहिजे. त्यामुळे वाचनालयाचं ओळखपत्र, नेहमी दोघांनी जायचं, ठरलेला वार, ठरलेली वेळ, आदल्या दिवशी फोन, आणि सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नोंद. पैशाचा कुठलाही व्यवहार आपण करायचा नाही, अगदी "जरा एटीएममधून काढून आणतोस का" असं प्रेमाने म्हटलं तरी नाही म्हणायचं.

आता कायद्याचा एक मुद्दा, जो फारसा कोणाला माहीत नसतो. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचता येत नाही अशा व्यक्तींसाठी, नफा न कमावता, पुस्तकाचं त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात रूपांतर करायला त्यात परवानगी आहे. पुढे २०१३ साली माराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता, २०१४ साली! २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाईन ग्रंथालयही सुरू झालं. म्हणजे डोळ्यांचा पडदा खराब झालेल्या आजोबांसाठी कायद्याने दार उघडून ठेवलंय. त्यांना ते सांगणारं कोणी नाही, फॉर्म भरून देणारं कोणी नाही. हे काम ग्रंथपालाशिवाय कोण करणार?

राहिला प्रश्न माणसांचा आणि पैशाचा. हिशोब करू. दहा घरं, प्रत्येक घरी दोन पुस्तकं, पंधरा दिवसांतून एक फेरी. दोन माणसं, तीन तास. म्हणजे एका घराला सरासरी अठरा मिनिटं, येण्याजाण्यासकट. महिन्याचे झाले बारा माणूस-तास. आमच्या ऑफिसात एका स्टेटस मीटिंगला बारा जण तासभर बसतात, तेवढंच. त्या मीटिंगमधून काय निघतं ते तुम्हालाही माहीत आहे.

पण इथे मला एक सावध करायचंय. हे काम फक्त स्वयंसेवकांच्या भरवशावर टाकू नये, विशेषतः आमच्यासारख्यांच्या. आमचा उत्साह शनिवारचा असतो. रिलीझ आलं, ऑनसाइट मिळालं, लग्न ठरलं, की आम्ही गायब. दीड वर्षात आमच्या चौघांमधले दोघं बदलले. तरुणाला नवा छंद सोडायला काहीच वाटत नाही, पण ज्याने शनिवारी चार वाजल्यापासून दाराशी खुर्ची टाकलेली असते त्याला 'आज कोणी आलं नाही' हे फार लागतं. सुरू करून बंद पाडण्यापेक्षा सुरू न केलेलं बरं. म्हणून कणा वाचनालयाचा हवा. वही वाचनालयाची, यादी वाचनालयाची, जबाबदारी एका पगारी कर्मचाऱ्याची, आणि आपण हातभार लावणारे.

आणि पगारी म्हटल्यावर पगार आलाच. अनुदानित वाचनालयांचे कर्मचारी किती कमी मानधनावर काम करतात आणि किती वर्षं वेतनश्रेणी मागताहेत हे तुम्ही कोणत्याही ग्रंथपालाला विचारा. शासनाने २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ करायचा निर्णय घेतला, चांगलं झालं. पण वाचनालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरवताना मुख्यतः मोजलं काय जातं? पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती. जे मोजलं जातं तेच केलं जातं, हे ज्याने एकदा तरी अप्रेझल भरलंय त्याला सांगायला नको. घरपोच सेवा घेणारे सभासद किती, हा एक कॉलम तपासणीच्या फॉर्ममध्ये घाला, त्यासाठी वेगळं थोडं अनुदान द्या, आणि बघा काय होतं ते. शासन रंगनाथनांच्या नावाने ग्रंथालय कार्यकर्त्यांना आणि सेवकांना पुरस्कार देतं, मग त्यांचा दुसरा नियम अनुदानाच्या हिशोबात आला तर बिघडलं कुठे? याच सरकारने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत केली. ज्यांना एसटीची पायरी चढवत नाही त्यांच्यासाठी काय, हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे.

कंपन्यांनाही सांगायचंय. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कशावर करता येतील त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यात सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं आहे आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी सोयीसुविधा हेही आहे. दोन्ही! तरी ऑफिसात होतं काय? वर्षातून एक दिवस टी-शर्ट वाटतात, बस निघते, वृद्धाश्रमात एक खोकं जुनी पुस्तकं देतात आणि परत येतात. अशा एका खोक्यात मी 'जावा शिका एकवीस दिवसांत' आणि प्रवेश परीक्षेची गाईडं बघितली आहेत. ब्याऐंशी वर्षांच्या बाईंनी जावा शिकून करायचं काय? त्या टी-शर्टांच्या पैशात एका वाचनालयाचा घरपोच सेवेचा वर्षाचा पेट्रोलखर्च निघाला असता.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. म्हाताऱ्यांना पुस्तक नको असतं, बोलायला माणूस हवं असतं, पुस्तक निमित्त. अर्धं खरं आहे. अठरा मिनिटांतली बारा बोलण्यातच जातात. पण पुस्तक नुसतं निमित्त आहे असं मला वाटत नाही. नुसतं भेटायला गेलेला माणूस तब्येत विचारतो, आणि मग समोरचा तब्येतच सांगत बसतो. पुस्तक घेऊन गेलेला माणूस विचारतो, "कसं वाटलं?" त्या प्रश्नात समोरचा पेशंट नसतो. त्याला मत असतं, त्याचं मत विचारलं जातं आणि पुढच्या वेळी त्या मताप्रमाणे पिशवी भरून येते. आमच्या काकू एका गाजलेल्या चरित्राला 'लबाड पुस्तक' म्हणाल्या आणि वीस मिनिटं त्याची चिरफाड केली. त्यांचा मुलगा आतल्या खोलीतून बाहेर येऊन ऐकत उभा राहिला होता.

तर मंडळी, वाचून नुसतं 'छान' म्हणू नका. या शनिवारी आपल्या भागातल्या वाचनालयात जा. ग्रंथपालांना विचारा, गेल्या तीन वर्षांत ज्यांचं सभासदत्व बंद झालं त्यातले सत्तरीच्या पुढचे किती? यादी मिळाली तर त्यांच्या परवानगीने दहा फोन करा. काही नंबर बंद लागतील, काही ठिकाणी फोन सून उचलेल आणि गप्प होईल, त्याची तयारी ठेवा. पण दोन-तीन ठिकाणी नक्की विचारतील, "वर्गणी किती झाली हो आता?" जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ किंवा बागेतलं विरंगुळा केंद्रही मदत करतं, कोण यायचं बंद झालंय हे त्यांना बरोबर माहीत असतं.

मग शंभर पानी एक वही आणा. पहिल्या पानावर नाव, मजला, लिफ्ट आहे की नाही, चष्म्याचा त्रास आणि आवडता लेखक एवढं लिहा. बाकीची पानं हळूहळू भरतात.